ॲप फिरत का बसतं? एकच गणित चार-चार वेळा करणाऱ्या ‘आळशी’ सॉफ्टवेअरची गोष्ट

पावसाळ्यातला शनिवार. पुण्यातून लोहगडला जायचं ठरतं. मळवली स्टेशनवर उतरायचं, भाज्याच्या बाजूने वर चढायचं, असा साधा प्लॅन. आजूबाजूला अजून काय बघता येईल म्हणून कुणीतरी भटकंतीचं एखादं ॲप उघडतं आणि स्क्रीनवर ते ओळखीचं चक्र फिरायला लागतं. दहा सेकंद, वीस सेकंद, अर्धा मिनिट. शेवटी फोन खिशात जातो आणि निष्कर्ष निघतो, “घाटात नेटवर्कच नाही.”

बऱ्याचदा ते खरंही असतं. पण प्रत्येक वेळी दोष नेटवर्कचाच असतो असं नाही. कधी कधी आतलं सॉफ्टवेअर एकच प्रश्न चार वेळा विचारत असतं आणि चारही वेळा उत्तराची वाट बघत बसलेलं असतं.

गंमत म्हणजे हा घोळ ज्या पद्धतीमुळे होतो, ती पद्धत काम वाचवण्यासाठीच शोधली गेली होती. तिचं नाव लेझी इव्हॅल्युएशन. सरळ मराठीत, गरज पडेल तेव्हाच गणित करायचं, तोवर नाही.

आळशीपणा चांगला कसा काय?

भुशी डॅमच्या रस्त्यावरची भज्यांची टपरी डोळ्यांसमोर आणा. पाटीवर कांदाभजी, बटाटाभजी, मूगभजी, मक्याची भजी असं सगळं लिहिलेलं असतं. म्हणून टपरीवाला सकाळी सातलाच सगळं तळून ठेवतो का? नाही. पीठ कालवलेलं असतं, कांदा चिरलेला असतं, कढई तयार असते. ऑर्डर आली की घाणा सोडायचा. गिऱ्हाईक आलंच नाही, तर तेल वाचलं आणि भजीही वाया गेली नाहीत.

सॉफ्टवेअरमध्येही असंच चालतं. समजा, ॲपमध्ये मावळातल्या २०० ठिकाणांची यादी आहे. त्यातली आज जाण्याजोगी ठिकाणं शोधायची आहेत. बघणारा पहिली पाच नावं वाचून फोन बंद करणार असेल, तर उरलेल्या १९५ ठिकाणांची माहिती तपासण्यात काहीच अर्थ नाही. म्हणून प्रोग्राम लगेच काम करत नाही. तो फक्त लिहून ठेवतो की, ‘मागितलं तर असं असं शोधायचं आहे.’ खरं काम कुणी मागितल्यावर सुरू होतं.

याच्या उलट पद्धत म्हणजे ईगर इव्हॅल्युएशन. तिच्यात सांगितलं की लगेच सगळं करून मोकळं व्हायचं. दोन्ही पद्धतींना आपापली जागा आहे. जिथे माहिती प्रचंड आहे आणि लागणार थोडीच आहे, तिथे लेझी पद्धत जिंकते.

मग घोळ कुठे होतो?

भजी आणि माहिती यांच्यात एक मोठा फरक आहे. भजी खाल्ली की संपते. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी दुसरा घाणा काढावाच लागतो. माहितीचं तसं नाही. एकदा मिळालेलं उत्तर दहा जणांना सांगितलं तरी ते तेवढंच शिल्लक राहतं.

आता दुसरं उदाहरण. सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ जण आहेत. त्यातल्या एकाची मावशी मळवलीला राहते. पहिला विचारतो, “पाऊस आहे का रे तिकडे?” हा मावशीला फोन लावतो आणि उत्तर सांगतो. पाच मिनिटांनी दुसरा तेच विचारतो. हा पुन्हा मावशीला फोन लावतो. मग तिसरा, मग चौथा. आठव्या फोनला मावशी काय म्हणेल, ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या फोनआधी थांबणं शहाणपणाचं होतं. कुणी विचारलंच नसतं, तर फोन करायची गरजच नव्हती. पण पहिलं उत्तर मिळाल्यावर ते ग्रुपवर टाकलं असतं, तर पुढचे सात फोन वाचले असते.

पुष्कळ सॉफ्टवेअर नेमकं हेच सात फोन करत राहतं. काम पुढे ढकलायला ते शिकलेलं असतं, पण झालेलं काम लक्षात ठेवायचं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ॲपच्या पोटात काय चालतं?

वरचं २०० ठिकाणांचंच उदाहरण पुढे नेऊ. हे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी आहेत. एका ठिकाणाचं हवामान, अंतर आणि ते उघडं आहे की बंद, हे तपासायला ०.०५ सेकंद लागतात असं धरा. २०० ठिकाणांना झाले १० सेकंद.

आता स्क्रीनवर काय काय दाखवायचं आहे? सगळ्यात वर ‘आज २४ ठिकाणं जाण्याजोगी’ ही ओळ. खाली नावांची यादी. बाजूला नकाशा आणि त्यावरच्या टाचण्या. शिवाय ‘सगळ्यात जवळचं ठिकाण’ वेगळ्या चौकटीत. म्हणजे एकच यादी चार जागी लागणार.

प्रोग्रामरने यादीला ‘योग्य ठिकाणं’ असं नाव दिलेलं असतं आणि चार जागी तेच नाव वापरलेलं असतं. कोड वाचताना सगळं स्वच्छ दिसतं. पण लेझी पद्धतीत त्या नावामागे तयार यादी नसते, यादी बनवायची कृती असते. नाव घेतलं की कृती पहिल्यापासून सुरू. मोजायला १० सेकंद, दाखवायला १०, नकाशाला १० आणि जवळचं शोधायला १०. एकूण ४० सेकंद.

उपाय एका ओळीचा आहे. पहिल्यांदा गरज पडली की कृती एकदा चालवायची, आलेली यादी जपून ठेवायची आणि चारही जागी ती तयार यादी द्यायची. ४० सेकंदांचे पुन्हा १० होतात. फोन तोच आणि नेटवर्कही तेच.

हा प्रश्न एका फोनपुरता राहत नाही. शनिवारी सकाळी १,००० जणांनी ॲप उघडलं, तर सर्व्हरवर २ लाखांऐवजी ८ लाख विचारणा जाऊन पडतात. गर्दीच्या दिवशी ॲप बंद पडतं, ते अशा वेळी. बॅटरी उतरते, डेटा जातो आणि ज्याला खरंच माहिती हवी होती, त्याला ती वेळेत मिळत नाही.

चाळीस पायऱ्या आणि वीस कोटी हेलपाटे

चारपट म्हणजे काही फार नाही, असं वाटू शकतं. पण पुनरावृत्तीच्या पोटात पुनरावृत्ती आली, की आकडे हाताबाहेर जातात.

कार्ल्याला लेण्यांकडे आणि एकवीरा आईच्या देवळाकडे चढताना पायऱ्या लागतात. त्यातल्या फक्त ४० पायऱ्या घ्या. एका वेळी एक पायरी चढायची किंवा दोन. अशा किती वेगवेगळ्या तऱ्हांनी ४० पायऱ्या चढता येतील?

गणित सोपं आहे. शेवटचं पाऊल एक पायरीचं असेल, तर आधी ३९ पायऱ्या चढून झालेल्या असणार. दोन पायऱ्यांचं असेल, तर ३८. म्हणून ४० चं उत्तर म्हणजे ३९ चं उत्तर अधिक ३८ चं उत्तर. पण ३९ चं उत्तर काढायला पुन्हा ३८ आणि ३७ लागतात. म्हणजे ३८ चं गणित दोनदा झालं, ३७ चं तीनदा, ३६ चं पाचदा. खाली जाऊ तसा हा आकडा फुगत जातो.

काहीच लक्षात न ठेवणारा प्रोग्राम या एका प्रश्नासाठी स्वतःला २०,४६,६८,३०९ वेळा कामाला लावतो. वीस कोटींहून जास्त हेलपाटे. तोच प्रोग्राम प्रत्येक पायरीचं उत्तर एकदा काढून टिपून ठेवायला लागला, तर फक्त ३८ बेरजांत काम संपतं. उत्तर दोन्हीकडे एकच येतं, १६,५५,८०,१४१.

टिपून ठेवण्याच्या या युक्तीला मेमोआयझेशन म्हणतात. हा शब्द मेमो म्हणजे टिपण, यावरून आला. ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिची यांनी १९६८ साली ‘मेमो फंक्शन’ ही कल्पना मांडली होती.

हा प्रश्न साठ वर्षं जुना आहे

१९६० साली अल्गोल ६० ही प्रोग्रामिंगची भाषा आली. तिच्यात ‘कॉल बाय नेम’ नावाची सोय होती. एखाद्या फंक्शनला उत्तराऐवजी कृतीच द्यायची आणि फंक्शनमध्ये जितक्या वेळा तिचं नाव येईल, तितक्या वेळा ती नव्याने चालवायची. वर सांगितलेल्या मावशीला फोन करण्याचाच हा प्रकार. पीटर इंगरमन यांनी १९६१ साली अशा गुंडाळून ठेवलेल्या कृतीला ‘थंक’ हे नाव दिलं. ते नाव आजही वापरात आहे.

१९७१ साली ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनी ऑक्सफर्डमधल्या आपल्या प्रबंधात यावर तोड दाखवली. कृती गरज पडल्यावरच चालवायची, पण एकदा चालवली की तिच्या जागी तिचं उत्तर ठेवून द्यायचं. पुढे जो कुणी मागेल, त्याला तयार उत्तर मिळतं. हीच ‘कॉल बाय नीड’ पद्धत. १९९० साली जाहीर झालेली हॅस्केल ही भाषा याच विचारावर उभी आहे.

थोडक्यात, खऱ्या लेझी इव्हॅल्युएशनला दोन पाय आहेत. एक, गरज पडेपर्यंत थांबणं. दोन, एकदा केलेलं पुन्हा न करणं. पुष्कळ ठिकाणी पहिला पाय उचलला जातो आणि दुसरा विसरला जातो.

पवईत आणि पुण्यात याच प्रश्नावर काम झालंय

पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकणाऱ्यांना ढमढेरे हे नाव नवं नाही. सिस्टीम्स प्रोग्रामिंग आणि ऑपरेटिंग सिस्टीम या विषयासाठी त्यांचं पुस्तक वर्षानुवर्षं वापरलं गेलं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांच्या संशोधनाचा एक मोठा विषय होता, प्रोग्राममधली पुन्हा पुन्हा होणारी गणितं कशी काढून टाकायची.

हे काम कंपायलर करतो. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. तो भाषांतर करतानाच बघतो की, कुठलं गणित उगाच दोनदा होतंय.

यातला अवघड भाग असा. पुण्याहून लोणावळ्याला दोन रस्त्यांनी येता येतं, जुन्या हायवेने किंवा एक्सप्रेसवेने. जुन्या हायवेने येणाऱ्यांनी वाटेत पेट्रोल भरलंय. एक्सप्रेसवेने येणाऱ्यांनी नाही. लोणावळ्यात सगळ्यांनाच पंपावर थांबवलं, तर निम्म्या गाड्यांचा थांबा फुकट जातो. कुणालाच थांबवलं नाही, तर उरलेल्या गाड्या पुढे अडकतात. मग लोणावळ्यातला थांबा काढून टाकायचा आणि फक्त एक्सप्रेसवेच्या वाटेवर पेट्रोल भरायची सोय करायची. आता कुठल्याही रस्त्याने आलात, तरी पेट्रोल एकदाच भरलं जातं.

प्रोग्राममध्येही असे फाटे असतात. एका वाटेवर गणित झालेलं असतं, दुसऱ्या वाटेवर झालेलं नसतं. ही अर्धवट पुनरावृत्ती हटवण्याची पद्धत १९७९ साली मोरेल आणि रेनव्हॉज या फ्रेंच जोडीने मांडली. ढमढेरे यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ती पद्धत प्रत्यक्ष वापरण्याजोगी कशी करायची, ते दाखवलं. अशा विश्लेषणामागच्या सिद्धांतावर उदय खेडकर आणि ढमढेरे यांचा निबंध १९९४ साली आला. खेडकर यांनी पुणे विद्यापीठात शिकवलं आणि पुढे ते आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं या विषयावरचं पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झालं.

मधल्या काळात, १९९२ साली, जर्मनीतल्या तीन संशोधकांनी ‘लेझी कोड मोशन’ ही पद्धत मांडली. नावातच लेझी आहे. तिचं म्हणणं असं की, गणित एकदाच करा, पण ते एकदासुद्धा शक्य तितकं उशिरा करा. फार आधी केलं, तर आलेलं उत्तर प्रोसेसरला उगाच सांभाळत बसावं लागतं. थांबणं आणि पुन्हा न करणं, हे दोन्ही पाय इथे एकत्र आले.

मग कंपायलरच सगळं का करत नाही?

कारण कंपायलरला खात्री लागते. ‘लांबी गुणिले रुंदी’ दोनदा आलं आणि मधे लांबी-रुंदी बदलली नाही, तर उत्तर तेच येणार, हे त्याला ठाऊक असतं. पण ‘मळवलीत आत्ता पाऊस आहे का’ हे इंटरनेटवरून विचारलं, तर पाच मिनिटांनी उत्तर बदलू शकतं. ते जपायचं की पुन्हा विचारायचं, हे कंपायलर ठरवू शकत नाही. तो निर्णय माणसाचा.

त्यात प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी.

• पायथनमधला जनरेटर एकदा वाचून संपला की संपला. दुसऱ्यांदा वाचायला गेलात, तर काहीच मिळत नाही आणि तक्रारही येत नाही.
• जावातली स्ट्रीम दुसऱ्यांदा वापरली, तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. त्रास होतो, पण निदान कळतं तरी.
• सी शार्पमधली लिंकची लेझी यादी दुसऱ्यांदा मागितली, की गुपचूप पहिल्यापासून सगळं काम पुन्हा करते. उत्तर बरोबर येतं, म्हणून हा घोळ कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही. ‘टू लिस्ट’ ही एक सूचना देऊन यादी पक्की करावी लागते.
• मोठमोठ्या डेटासाठी वापरलं जाणारं स्पार्क दर वेळी निकाल मागितला की मागची साखळी पुन्हा चालवू शकतं. मधला टप्पा जपायचा असेल, तर त्याला ‘कॅश’ असं स्पष्ट सांगावं लागतं.
• कोटलिनमध्ये ‘बाय लेझी’ लिहिलं, की किंमत पहिल्या वेळी काढली जाते आणि पुढे तीच वापरली जाते.

नवीन भाषा हातात घेताना म्हणूनच एक गोष्ट आधी तपासायची, इथली लेझी यादी दुसऱ्यांदा मागितल्यावर काय होतं?

सगळंच जपून ठेवलं तर?

तिथेही किंमत मोजावी लागते. पहिली किंमत मेमरीची. लाखो नोंदींची यादी जपली, तर साध्या फोनची मेमरी भरते आणि ॲप वेगळ्याच कारणाने अडखळतं. उत्तर एकदाच लागणार असेल, तर जपण्याचा उपयोग शून्य.

दुसरी किंमत जास्त मोठी आहे, ती म्हणजे शिळं उत्तर. मावळात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी डॅमच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने मावळासह पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. आदल्या दिवशी ‘जाण्याजोगं’ असलेलं ठिकाण दुसऱ्या दिवशी तसं राहत नाही. अशा वेळी फोनने कालचं जपलेलं उत्तर झटकन दाखवलं, तर तो वेग काय कामाचा?

म्हणून कुठली माहिती किती काळ टिकते, ते बघून जपायची. लोहगडाची उंची बदलत नाही. ती एकदा घेऊन ठेवली, तर चालतं. लोहगडाची ओळख क्वचित बदलते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं आणि त्यात लोहगड आला, तेव्हा ती माहिती एकदा नवी करावी लागली. पाऊस मात्र तासातासाला बदलतो, आणि रस्ता बंद झाल्याची सूचना तर आली त्याच क्षणी दिसायला हवी.

वरच्या ॲपमध्ये यादी जपायची ती एवढ्यासाठीच की, एका स्क्रीनवरच्या चार चौकटींना एकच ताजं उत्तर मिळावं. पुढच्या वेळी ॲप उघडलं, की ते नव्याने विचारलंच पाहिजे. उलट चार वेळा वेगवेगळं विचारलं, तर आणखी एक गोंधळ होऊ शकतो. वर ‘२४ ठिकाणं’ लिहिलेलं आणि खाली यादीत २३ नावं, कारण मधल्या दहा सेकंदांत एक ठिकाण बंद झालं.

कोड लिहिणाऱ्यांसाठी तीन प्रश्न

१. हे उत्तर लागणारच आहे का? नक्की नसेल, तर थांबा.

२. ते एकाहून जास्त वेळा लागणार आहे का? असेल, तर पहिल्या वेळी काढून जपा.

३. ते किती काळ खरं राहील? तेवढाच काळ जपा, मग फेकून द्या.

हे तीन प्रश्न कोड लिहितानाच विचारले, तर नवा सर्व्हर घ्यायच्या आधीच बरीच कामं हलकी होतात.

आणि ॲप वापरणाऱ्यांसाठी?

स्क्रीन बोटाने खाली ओढली की गोल चक्र फिरतं, ते तुम्ही रोज करता. बहुतेक ॲपमध्ये त्याचा अर्थ असतो, ‘जपलेलं उत्तर बाजूला ठेव आणि नव्याने विचार.’ घाटात निघण्याआधी, नेटवर्क चांगलं असतानाच, हे एकदा करून घ्या. माहितीखाली ‘शेवटचं अपडेट’ अशी वेळ दिसत असेल, तर ती वाचा. ती कालची असेल, तर ॲप कितीही झटकन उघडलं तरी पाण्यात उतरण्याआधी तिथल्या फलकावर काय लिहिलंय ते बघा आणि गावातल्या माणसाला विचारा.